पीठ गार होण्याआधी

आमचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर होतं. खाली दत्तूमामांची गिरणी, बाजूने लोखंडी जिना, वर पत्र्याच्या छपराची एक खोली. गिरणी सुरू झाली की आमचं टेबल थरथरायचं, पाण्याचा पेला आपोआप कडेला सरकायचा आणि खोलीत रडणाऱ्या बाईचा आवाज रस्त्यावर जायचा नाही. पेले बरेच फुटले. पण त्या घरघरीचे आमच्यावर फार उपकार आहेत.

संपादकांनी बजावलं आहे, "कुमुदताई, किस्से लिहा. तुम्ही रंगवून सांगता. फक्त फार जड नको, दिवाळी आहे." आहे ना दिवाळी! आमच्याकडे वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी दिवाळीनंतरच्या आठवड्यात असते. पाडव्याला ज्याला ओवाळलं, त्याच्याच हातचा मार भाऊबीजेला माहेरी जायचं नाव काढलं म्हणून खाल्लेल्या बायका. तेव्हा रंगवून सांगते, पण रागाने सांगते. हा राग तेरा-चौदा वर्षं जुना आहे आणि चांगला मुरला आहे. नावं बदलली आहेत, बाकी काही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरला कारखान्यांच्या तीन पाळ्या आणि कामगारांची दाट वस्ती. संस्था सुरू केली एका निवृत्त मुख्याध्यापिकेने. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. बाईंनी आयुष्यभर मुलांच्या चुका तांबड्या शाईने सुधारल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं की नवऱ्यांच्याही सुधारता येतील. मी त्यांच्या हाताखाली. माझा नवरा कंपनीत टर्नर आणि मी कामगारांच्या नाटकांतली ठरलेली खाष्ट सासू. माझा आवाज असा की शेवटच्या रांगेत झोपलेला माणूस दचकून उठायचा. बाई म्हणाल्या, "हा आवाज जरा बऱ्या कामाला लाव." म्हणून मी तिथे. समाजसेवा वगैरे नंतर सुचली.

संस्थेला रीतसर नाव होतं, पाटीसुद्धा रंगवून आणली होती. ती आम्ही कपाटाच्या मागे उभी करून ठेवली. अशी पाटी वाचून कोण बाई जिना चढेल? जी चढेल तिच्या घरी ती खाली उतरण्याआधी निरोप पोचलेला असेल.

आता हा धंदा कसा चालतो ते सांगते. मार खाणाऱ्या बाईला कायदा, वकील, पोलिस हे सगळं नंतर लागतं. आधी लागतो वेळ. घराबाहेर पडायला कारण आणि त्या कारणात मावेल एवढा वेळ. आमच्या वस्तीत सुनेला घराबाहेर पडायची कारणं चार: पाणी, भाजी, देऊळ आणि दळण. पाण्याला सगळी आळी बरोबर. भाजीवाला दारात येतो. देवळात सासू सोबत असते. दळणाला मात्र सून एकटी जाते, कारण डबा जड असतो.

म्हणून बाईंनी गिरणीवरची खोली घेतली. काय डोकं म्हणायचं! सून डबा घेऊन यायची, मामांच्या रांगेत ठेवायची आणि पाच मिनिटांनी जिन्यावर दिसेनाशी व्हायची. नंबर आला की मामा काठीने खालून छताला दोन ठोके द्यायचे. बाई उठायची, तोंड धुवायची, पदर सारखा करायची आणि पिठाचा डबा उचलून घरी. विचारलं तर काय, रांग होती.

दत्तूमामा हा बोटभर उंचीचा, भुवयांपर्यंत पांढरा माणूस. कमी बोलायचा. पण गिरणीचं शास्त्र त्यांनी आमच्या कामी असं लावलं की वकिलाने तोंडात बोट घालावं. गिरणीत आधी गव्हाची दळणं होतात, मग ज्वारी, शेवटी बाजरी. बाजरीवर गहू दळला तर पोळ्या काळ्या होतात आणि गिऱ्हाईक भांडतं. त्यामुळे गहू आणला की पंधरा मिनिटांत मोकळं, बाजरी आणली की तासाची निश्चिंती. मामा एखादीच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, "पोरी, पुढच्या वेळेला बाजरी आण." याचा अर्थ, तुझं दुखणं गव्हात मावायचं नाही.

आणि अगदीच गरज पडली तर ते गिरणी बंद करून मोठ्याने सांगायचे, "दगडाला टाकी लावायचीय! थांबा सगळ्या!" मग छिन्नी-हातोडा घेऊन दगडावर ठकठक करत बसायचे. आमच्या मामांच्या दगडाला जितकी टाकी लागली तितकी नाशिक जिल्ह्यात कुठल्या दगडाला लागली नसेल.

मंगल सिन्नरकडची. शेतकऱ्याची मुलगी, चोवीस-पंचवीस वर्षांची, काटक, मान खाली. चार वर्षांची मुलगी होती, राणी. नवरा एका कंपनीत फिटर. कधी खाडा नाही, कधी उशीर नाही, म्हणून कंपनीने त्याला शाल आणि श्रीफळ दिलेलं. घरी तो त्याच शिस्तीने मारायचा. वळ दिसतील अशा ठिकाणी नाही, कपड्याखाली. सासू सरूबाई. देवळातल्या भजनाला त्यांचा आवाज सगळ्यांत गोड. मी स्टेजवर वीस सासवा केल्या, पण एकीलाही एवढा गोड आवाज द्यायचं मला सुचलं नव्हतं.

मंगल दोन महिने येत होती. दर वेळी बाजरी. तेव्हा आमचा सगळा भर समेटावर. बाईंच्या खोलीत एक फळा होता, त्यावर वर लिहिलेलं 'जुळलेले संसार' आणि खाली खडूच्या रेघा. नवऱ्याला बोलवायचं, चहा द्यायचा, समजवायचं, कागदावर 'पुन्हा हात उचलणार नाही' असं लिहून घ्यायचं आणि एक रेघ मारायची. त्यात एक रेघ मंगलची होती. तिच्या नवऱ्याने चहा पिऊन फार सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं. त्यानंतर तो आणखी जपून मारायला लागला एवढंच. त्या चहात साखर मीच घातली होती.

मग पाहुण्या आल्या.

शहरातल्या एका मंडळाच्या चार बायका, संस्थेला टेलिफोन मिळवून देणार होत्या. त्या काळात फोन म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना समजायचं नाही. फोन आला असता तर सिन्नरची, वणीकडची बाईसुद्धा एसटी स्टँडवरून आम्हाला आवाज देऊ शकली असती. पण त्यांना आधी 'काम बघायचं' होतं. म्हणजे काय बघायचं? आम्ही काय लोणची घालतो? एक बाई कॅमेरा घेऊन आली होती. दुसरी खुर्चीवर रुमाल पसरून बसली, कारण खुर्चीला पीठ होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी मंगल आली. त्या दिवशी गहू घेऊन. म्हणाली, "आज थांबत न्हाय ताई, आत्याबाईंनी गहूच दिलाय. नुसतं सांगाया आले, परवा लय मारलं."

मी काय करायला हवं होतं? जा म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बस गं दोन मिनिटं. या ताई लांबून आल्यात."

आणि मी सुरू झाले. मंगलची गोष्ट मंगलच्या समोर मी सांगितली. काय सांगितली म्हणून सांगू! नवऱ्याचा आवाज वेगळा, सासूचा वेगळा. सरूबाईंच्या भजनाची एक ओळसुद्धा म्हणून दाखवली. रुमालवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. त्या म्हणाल्या, "अय्या, मग पुढे?" माझ्यासारख्या बाईला 'मग पुढे' म्हणणं म्हणजे म्हशीला पेंड दाखवणं. मी पुढे गेले. मंगल कोपऱ्यात चवड्यांवर बसलेली, दाराकडे बघत.

खालून दोन ठोके आले. मी ऐकले.

थोड्या वेळाने पुन्हा दोन. तेही मी ऐकले. मग तीन, जोरात. मंगल अर्धवट उठली. मी हातानेच तिला 'बस' अशी खूण केली, कारण मी तव्यापाशी... नाही, तवा नंतर आला. मी त्या वेळी तिच्या पाठीवरच्या वळांपाशी पोचले होते. पाहुण्यांना वळ बघायचे होते. तिने दाखवले. आमच्या बाईंनी कॅमेरा खाली ठेवायला लावला, तेवढं तरी झालं.

मंगल खाली उतरली तेव्हा तिचं पीठ कधीचं दळून झालं होतं. गरम पिठाला झाकण लावलं तर घाम सुटतो, म्हणून मामांनी डबा उघडा ठेवला होता. तिने झाकण लावलं आणि पळत घरी गेली.

तुमच्यापैकी ज्यांनी दळण आणलं आहे त्यांना माहीत आहे. दोन दगडांमधून पडलेलं पीठ चांगलं गरम असतं. घरी आलं की घरातली मोठी बाई डब्यात हात घालून बघते, जाड आहे की बारीक. माझी सासू बघायची, मी बघते. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाजरीच्या दिवशी डबाच उशिरा दळला जायचा, म्हणून पीठ गरमच घरी जायचं. रांग, ठोके, टाकी सगळं जमवणाऱ्या आम्हा हुशार बायकांच्या डोक्यात एवढंच आलं नाही की पीठ हे घड्याळ आहे.

सरूबाईंनी डब्यात हात घातला. म्हणाल्या, "आत्ता दळलं म्हणतीस, मग पीठ गार कसं?"

मंगल काहीतरी बोलली. नवरा पहिली पाळी करून घरी आलेला होता. चुलीवर भाकरीचा तवा होता. सरूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "पीठ गार हाय ना? मग हात गरम कर तिचा." त्यांनी मनगट धरलं आणि त्याने उजवा तळवा तव्यावर दाबला. राणी तिथेच होती.

तिसऱ्या दिवशी मंगल आली. डबा नाही, पिशवी नाही, डोक्यावर पदर नाही. भर सकाळी, गिरणीतल्या सगळ्या रांगेसमोरून जिना चढली. हाताला फडकं गुंडाळलेलं. दारात उभी राहून म्हणाली, "आज दळण न्हाय आणलं."

बाईंनी फडकं सोडलं. मग त्या उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि 'जुळलेले संसार' आपल्या पदराने पुसून टाकले. वरची अक्षरंसुद्धा. मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखान्यातून आम्ही चौकीवर गेलो. हवालदार सभ्य होते. सभ्य माणसाचा जास्त राग येतो.

"तव्याजवळ काम म्हटल्यावर चटका बसायचाच, ताई," ते म्हणाले. "आमच्या हिच्या हातालाही आहेत दोन-तीन."

"तळहातावर? पाची बोटं पसरून?" मी विचारलं. "तुमच्याकडे अशी भाकरी उलटतात? मला वहिनींना भेटायचंय."

"घरातली बाब आहे. समजुतीने घ्या."

"रस्त्यावर अनोळखी माणसाने हिचा हात तव्यावर दाबला असता तर?"

"मग काय, गुन्हाच की तो."

"म्हणजे नवऱ्याला सवलत."

ते हसले. विनोद आवडला त्यांना. माझे विनोद लोकांना नेहमीच आवडतात, हेच तर माझं दुखणं. आम्ही दिवस मावळेपर्यंत बाकावरून उठलो नाही, तेव्हा तक्रार कागदावर आली.

पण मंगलला तक्रारीचं काही नव्हतं. बाईंच्या घरी तिची सोय केली होती. ती जेवायची नाही, झोपायची नाही, एकच वाक्य: "माझी राणी तिथं हाय." नवऱ्याने मुलीला दार लावून घरात ठेवलं होतं. आणायला गेलेल्या बाईंना त्याने उंबऱ्याबाहेरच सांगितलं, "पोरगी माझी आहे. हिला नांदायचं असेल तर येऊ दे." गिरणीसमोर येऊन "माझ्या बायकोला फितवता काय!" म्हणून तमाशाही करून गेला. संस्थेच्या वकिलीणबाई म्हणाल्या, पाच वर्षांखालचं मूल आईकडे असावं असं कायदा मानतो, कोर्टात अर्ज करू. कधी मिळेल? बघू, तारीख पडेल. मंगलने विचारलं, "तवर तिला जेवाया कोण घालंल?"

यावर तोडगा काढला तो बोटभर दत्तूमामांनी. काठी टेकत वर आले, पिठाचे हात झटकले आणि म्हणाले, "शुक्रवारी येतील."

"कोण?"

"सरूबाई. त्यांचं पीठ शुक्रवारी संपतं. मी दळलंय, मला ठाऊक. एरवी गुरुवारी संपलं असतं, पण आता एक तोंड कमी आहे."

मी आ वासला. मामा पुढे म्हणाले, "पोरगा दळण आणणार नाही. पुरुषाने डबा उचलला तर त्यांच्यात अब्रू जाते. दुसरी गिरणी लांब आहे आणि तिथवर डबा नेणारं माणूस त्यांनी घालवलं. म्हातारी स्वतः येईल. आणि पोरीला घरात कुणाजवळ ठेवील? पोरगा पहिल्या पाळीला."

बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही शाळेत माझ्या हाताखाली असतात तर..." मामा लाजले. पांढऱ्या माणसाला लाजताना बघायची मजा वेगळीच.

मी तीन दिवस भाषण पाठ केलं. "सरूबाई, ज्या हातांनी तुम्ही टाळ वाजवता..." अशी सुरुवात होती. मध्ये एक थांबा होता, शेवटी आवाज चढत जायचा. आयुष्यातला सर्वोत्तम प्रवेश असं माझं मी ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी सकाळी सरूबाई आल्या. कडेवर डबा, पदराला धरून राणी. रांगेतल्या बायकांनी वाट दिली. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण मंगल जिना चढलेली त्यांनी पाहिली होती.

"आजी, या गिरणीत आलात?" एकीने विचारलं.

"का? गिरणी काय तुझ्या बापाची हाय?" सरूबाई म्हणाल्या आणि डबा ठेवला. भित्री बाई नव्हती, तेवढं श्रेय देते.

मामांनी गिरणी थांबवली. "टाकी लावायचीय."

आणि मंगल जिन्यावरून खाली आली.

राणीने आईला बघितलं आणि ती आजीच्या पदरामागे लपली.

हे आमच्या कुणाच्याच हिशेबात नव्हतं. आम्हाला वाटलं होतं पोर धावत येईल. ती आईच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होती, जसा साप बघावा. सरूबाई म्हणाल्या, "बघ, तुझं लेकरू बी भितंय तुला. म्हटलं व्हतं ना राणी, तुझी आई पळून गेली ते?"

मंगलचा चेहरा असा झाला की मी पुढे सरसावले. छाती भरून घेतली. "सरूबाई! ज्या हातांनी तुम्ही टाळ..."

"ताई," मंगल म्हणाली, "तुम्ही गप ऱ्हा."

मी गप्प बसले. लग्नानंतर पहिल्यांदा, असं माझा नवरा म्हणतो.

मंगल मामांना म्हणाली, "मामा, गिरणी चालू करा. ह्यांचंच दळण घाला." गव्हाची रांग मोडून मामांनी सरूबाईंचा डबा वर ओतला. पट्टा फिरला, पीठ पडायला लागलं. मंगल पिठाच्या तोंडापाशी खाली बसली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि डावा हात पडणाऱ्या पिठाखाली धरला. राणीकडे बघितलंसुद्धा नाही. गिरणीच्या आवाजात जरा मोठ्याने, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "आज लय ऊन हाय पीठ. हात शेकाया कुनी न्हाय वाटतं."

नंतर कळलं, की पूर्वी राणी तिच्याबरोबर यायची तेव्हा हाच दोघींचा खेळ होता. थंडीत पिठाखाली हात शेकायचे आणि एकमेकींच्या गालाला लावायचे.

पोर आजीच्या पदरातून हळूहळू निघाली. एक पाऊल, थांबली. पीठ पडतच होतं. मग तिने आपला एवढासा हात आईच्या डाव्या हाताशेजारी पिठाखाली धरला. आणि तो पांढरा हात नेऊन पट्टीवर ठेवला. अलगद.

सरूबाई तिला ओढायला धावल्या. तेव्हा रांगेतल्या बायकांनी एक गोष्ट केली, जी मी कुठल्या नाटकात घातली असती तर कुणाला पटली नसती. त्यांनी आपापले डबे उचलले आणि सरूबाई आणि मंगलच्या मध्ये आणून ठेवले. एकामागून एक. पत्र्याचे, पितळी, एक ॲल्युमिनियमचं पातेलंही होतं. या त्याच बायका, ज्यांनी तव्याच्या दिवशी किंकाळी ऐकली असणार आणि कडी लावून घेतली असणार. मला त्यांचाही राग होता. आहे. पण त्या दिवशी त्यांनी डबे ठेवले.

सरूबाई त्या डब्यांच्या पलीकडून म्हणाल्या, "माझ्या सासूनं मला काय कमी छळलं? मी न्हाय गेले कुठं चावडीवर."

हे वाक्य मी पुढे इतक्या सासवांकडून ऐकलं आहे की ते पाठ्यपुस्तकात असावं. ऐकून माझं मन द्रवावं अशी अपेक्षा असते. द्रवत नाही. तुम्हाला छळलं असेल, बाई. मग तव्याचा चटका कसा असतो हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही मनगट धरलंत.

पीठ दळून झालं. मंगल उठली. राणी तिच्या कडेवर, डाव्या बाजूला. तिने पायाने डबा पुढे सरकवला, बायकांनी वाट केली, आणि ती म्हणाली, "आत्याबाई, तुमचं पीठ. गरम हाय. हात घालून बघा."

सरूबाईंनी हात घातला नाही. डबा उचलला आणि गेल्या. झाकण तिथेच राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं कागदांचं आहे. कोर्टात काही वर्षं गेली. भिंतीपलीकडच्या वहिनींनी साक्ष दिली की त्या वेळी त्यांचा रेडिओ मोठ्याने चालू होता, काही ऐकू आलं नाही. नवरा सुटला. कंपनीत त्याची शिस्त वाखाणली जातच राहिली. राणी मात्र मंगलकडेच राहिली, ते कोर्टानेही मान्य केलं.

फोन आला. पाहुण्यांनी शब्द पाळला, माझ्या गोष्टीने भारावून. काळा, जड फोन. पहिल्यांदा वाजला तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तो फोन कुठल्या किमतीत आला ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. बाईंना होतं. आम्हाला फोन हवा होता आणि मला टाळी. त्या फोनवरून पुढे किती बायका सुटल्या! मी ते नाकारत नाही. पण संस्था वाढली कशी असं कुणी भाषणात विचारलं की मी पटकन विषय बदलते. आज बदलला नाही.

आता आमची तीन केंद्रं आहेत, स्वतःची इमारत आहे, पाटी रस्त्यावरून दिसते. नवा कायदा आलाय, बाईला त्याच घरात राहायचा हक्क देणारा. चांगला आहे. बाई आता नाहीत, मामाही गेले. गिरणी बंद झाली. लोक पिशवीतलं पीठ आणतात, किंवा सासरचे कौतुकाने घरातच छोटी गिरणी घेतात. सुनेचे कष्ट वाचले म्हणून सगळे खूश. आमच्या धंद्यातला माणूस मात्र ती गिरणी घरात शिरताना दिसली की आधी विचारतो, या घरात सून आहे का? चारातलं एकटीने बाहेर पडायचं एकमेव कारण गेलं. आता सासू पिठात हात घालत नाही, नवरा मोबाइलमधली नावं बघतो. पाटी मोठी झाली, तशी बाईला आमच्याकडे यायला नवं निमित्त शोधावं लागतं. परवा एक जण ब्लाउज शिवायला टाकते म्हणून आली. शिंपी दोन इमारती पलीकडे आहे, त्याच्याशी आमचं बोलणं झालेलं आहे. तो माप पुन्हा पुन्हा घेतो.

नव्या बाईशी पहिल्यांदा बोलायला आमच्याकडे मंगल बसते. तिचा उजवा हात पूर्ण मिटत नाही. ती नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, काय झालं तेही विचारत नाही. पहिला प्रश्न: "वेळ किती हाय तुज्याकडं?" तेवढी मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी उठवते. त्या खोलीत मला प्रवेश नाही. हा नियम बाईंनी केला, मंगल पाळते. पाहुण्यांना तर इमारतीतसुद्धा नाही. चहा मी बाहेरच्या बाहेर पाजते आणि माझी स्वतःची गोष्ट सांगते, ती कितीही लांबवली तरी कुणाचा हात भाजत नाही.

हे लिहून झाल्यावर मी मंगलला वाचून दाखवलं, कारण गोष्ट तिची आहे आणि एकदा मी ती न विचारता सांगितली होती. ती कणीक मळत ऐकत होती, डाव्या हाताने. राणी कॉलेजातून आली, चप्पल काढली, कणकेत बोट खुपसून आत गेली.

"लिहू का?" मी विचारलं.

"लिवा. आत्याबाईंना जरा जास्तच बोलाया लावलंय तुमी. त्या कमी बोलायच्या. कमी बोलून करायच्या." तिने कणकेवर ओला हात फिरवला. मग म्हणाली, "आन् लय लांबवलं, ताई. एवढ्यात माझं पीठ गार झालं आसतं."

तेव्हा थांबते.